शेजारचा ब्रेक

सोमवार, ४ मार्च

टिल्ल्या,

सहा फूट उंच झालास, तरी या घरात तुझं नाव टिल्ल्याच राहणार. तेव्हा नाक मुरडू नकोस.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आपण दोघं भांडल्याशिवाय राहत नाही. आई गेल्याचं सांगायला फोन केला, तरी भांडलोच. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

कशी गेली, असं तू विचारलंस आणि मी ‘गेली, अजून काय’ म्हणून फोन आपटला. आता नीट सांगते. दुपारी जेवून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. समोर बाबा शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी एक शब्द विचारला, तिने सांगितला. पुढचा विचारला, तेव्हा उत्तर आलं नाही. बाबांना वाटलं, शब्द अवघड असेल. त्यांनी तिला विचार करायला वेळ दिला. बराच वेळ दिला. मी शाळेतून, म्हणजे आपल्या गाडीच्या शाळेतून, घरी आले तेव्हा ते तसेच पेन हातात धरून बसले होते. मला म्हणाले, “ही उत्तर देत नाहीये गं.”

माणसं किती लोटली म्हणून सांगू! अर्ध्या गावाला तिने गाडी शिकवली, ते अर्धं गाव दारात. आणि तुला गंमत सांगते, एवढ्या दुःखातही मला हसू आलं. गल्लीभर गाड्या उभ्या होत्या आणि एकही वाकडी नव्हती. सगळ्या कडेला लागून, चाकं सरळ, दोन गाड्यांत माणूस जाईल एवढी जागा. आई वरून बघतेय असं समजून लावल्यासारख्या. एक बाई, आता बस चालवते ती, माझ्या गळ्यात पडून रडत होती. “पहिल्या दिवशी मला गाडी पुढे नेऊच दिली नाही हो. नुसती थांबव म्हणाल्या. चार पावलं ने, थांबव. पुन्हा ने, थांबव. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ही कसली शिकवणी!” सगळ्यांचीच पहिली शिकवणी तशी. तुझीही, माझीही.

बाबा रडले नाहीत. आल्यागेल्याला खुर्च्या देत होते. आणि भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्याला, त्याचा हात हातात घेऊन, काय विचारावं? “वरची नीट बसते ना? टोचत नाही ना?” त्यांनीच केलेली कवळी होती ती. म्हातारा आधी गोंधळला, मग त्याने तोंड उघडून दाखवली. मला कळेना, हसू की रडू.

आता तुझं. तू फोनवर म्हणालास, “येऊन काय करू? तिने जिवंतपणी मला एक चौक धड ओलांडू दिला नाही.” म्हणजे पुन्हा ते कुत्रं.

मी त्या दिवशी गाडीत नव्हते, पण इतक्या वेळा ऐकलंय की असल्यासारखंच आहे. गाडी तू चालवत होतास. शेजारी आई. मागे बाबा आणि तुझी बायको, तेव्हा व्हायची होती. चौकाच्या मधोमध तुझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं आणि गाडी गचकन थांबली. शिकवायची गाडी. आईच्या पायाशीही ब्रेक. तू म्हणालास, रस्ता मोकळा होता. आई म्हणाली, कुत्रं आडवं आलं. होणाऱ्या बायकोसमोर तुझी शोभा झाली आणि तू भर चौकात दार उघडून चालायला लागलास. मागचे हॉर्न वाजवतायत आणि आई उतरून, फेरी मारून तुझ्या जागी बसतेय. पुढे तुम्ही दोघं ते लांबचं गाव गाठलंत, आणि मग फोनसुद्धा सणावारी पाहुण्याने करावा तसा.

आई शेवटपर्यंत म्हणायची, कुत्रं होतं. तू म्हणतोस, नव्हतं. बाबा म्हणतात, मला डुलकी लागली होती. एका कुत्र्यापायी, तेही असलं तर, आपल्या घराची ही गत.

आईसाठी येऊ नकोस. बाबांसाठी ये.

तुझी ताई


शुक्रवार, १५ मार्च

टिल्ल्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं. ‘बघतो. सुट्टीचं अवघड आहे. बाबांना जप. अजून गाडी चालवतात का?’ एवढं लिहायला एवढे दिवस लागले?

चालवतात. आईने शिकवणं सोडलं तेव्हा ती जुनी गाडी तिने घरी ठेवली, तीच. रोज चार वाजले की दोघं निघायची. बाबा चालवणार, आई शेजारी, पाठीशी ती चपटी उशी. तळ्याच्या बाकावर बसायची, अंधार व्हायच्या आत परत. बाबांना त्याचा केवढा अभिमान! आईचे सगळ्यांत नापास विद्यार्थी ते. परीक्षेत इतक्यांदा आपटले की शेवटी लग्न करूनच पास झाले, असं आई म्हणायची. आणि बाबा उलट सुनवायचे, “पण एकदा पास झाल्यावर माझ्या गाडीला साधा ओरखडा दाखव!”

ती गेल्यावर गाडी पहिल्यांदा काढली, ती एकट्यानेच. मी म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाले, “तुला शाळा आहे. आणि मला कुणी शिकवायची गरज नाही.” बोलणं तुटक झालंय त्यांचं. आईची खुर्ची कुणी हलवली की रागावतात. परवा मी तिचे कपडे आवरायला घेतले तर बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि मी कपाट बंद करेपर्यंत आत आले नाहीत.

गाडीला किरकोळ ओरखडा आलाय. आल्या दिवशीच गॅरेजला दिली. काळजीचं कारण नाही.

मी बरी आहे. शाळेत विद्यार्थी येतात, आईचा फोटो बघतात आणि नीट बसतात. फोटोतसुद्धा तिचा धाक आहे.

ताई


शनिवार, २३ मार्च

टिल्ल्या,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. ओरखडा नव्हता.

लिहिलं नाही कारण तू ‘मी म्हटलंच होतं’ म्हणाला असतास, आणि ते ऐकायची माझी ताकद नव्हती. आता म्हण हवं तर.

तळ्याकडे जाताना बागेचं वळण लागतं बघ, फुलवाल्याचं दुकान आहे तिथे. बाबांनी गाडी वळवलीच नाही. सरळ फुटपाथवर चढवली, दुकानासमोरचा बाक मोडला, बादल्या उडाल्या, आणि गाडी भिंतीला टेकून थांबली. त्या बाकावर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. लेकरू रडायला लागलं म्हणून ती उठून दोन पावलं पुढे गेली, एवढंच. फुलवाला मला ते हातवारे करून सांगत होता. ती बाई लेकराला छातीशी धरून नुसती बाबांकडे बघत राहिली. त्यापेक्षा तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा आत बसलेले. हात स्टिअरिंगवर. लागलं काहीच नव्हतं. मी दार उघडलं तर शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून मला बाहेर बोलावलं. समोर बघताना मधलंच पुसट दिसतं म्हणे बाबांना, कडेचं तेवढं दिसतं. जवळचं चष्म्याने भागतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. “हे आजचं नाही,” म्हणाले. “बरीच वर्षं चाललं असणार. आतापर्यंत गाडी कशी काय चालवत होते?”

कशी काय, ते मला गॅरेजमध्ये कळलं. गाडी घ्यायला गेले तर मिस्त्री म्हणाला, पेडलची रबरं बदलायची का? मी वाकून बघितलं. आईने गाडी घरी आणली तेव्हा सगळी रबरं नवी बसवली होती, मीच आणली होती ती. त्यानंतर त्या गाडीत एकही विद्यार्थी बसलेला नाही. फक्त आई आणि बाबा. बाबांच्या बाजूचं क्लचचं रबर झिजलेलं. ॲक्सिलरेटरचंही झिजलेलं. आणि ब्रेकचं कोरं. त्याच्यावरच्या रेघा जशाच्या तशा. मग पलीकडून जाऊन आईच्या बाजूला वाकले. तिच्या ब्रेकचं रबर पार गुळगुळीत झालंय टिल्ल्या. आतला लोखंडी पत्रा दिसतो.

मी तिथेच, त्या ऑइलच्या डागांवर, बसले. मिस्त्रीला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन आला.

इतकी वर्षं गाडी बाबा चालवत होते आणि थांबवत ती होती. प्रत्येक सिग्नल, प्रत्येक वळण, रस्ता ओलांडणारं प्रत्येक माणूस. आणि घरी आल्यावर म्हणायची, “आज तुझ्या बाबांनी काय सफाईने आणली गाडी!” मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला. गावाला शिस्त शिकवणारी बाई, आणि एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला रोज रस्त्यावर घेऊन जात होती? कशासाठी, तर त्यांना वाईट वाटू नये म्हणून? ती उठली नसती तर? ती बाकावरची?

त्यांच्याकडची किल्ली मागितली. बाबा देत नाहीत. “हिच्या वेळी कधी काही झालं का? एकदा झालं तर लगेच म्हातारा ठरवता!” मी म्हटलं, बाबा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? तर म्हणाले, “द्यायचीच झाली तर टिल्ल्याच्या हातात देईन. तुला नाही.” का मला नाही, ते सांगत नाहीत. रोज चार वाजता किल्ली खिशात घालून दाराशी उभे राहतात. मी रोज दारात आडवी. शाळेला दुपारची सुट्टी दिलीय मी, बापाला अडवण्यासाठी. किती दिवस चालणार हे?

एक उपाय आहे. रबरं दाखवून सांगायचं, बाबा, तुम्ही गाडी चालवतच नव्हता. ताबडतोब किल्ली देतील. पण त्यांच्याकडे आता उरलंय काय? आई गेली. कवळ्यांचं काम हात थरथरायला लागल्यावर सुटलं. ‘मी तुझ्या आईला रोज तळ्यावर नेत होतो’, एवढं एकच उरलंय. ते मी काढून घेऊ? माझ्याने होत नाही. न सांगावं तर उद्या कुणाचं लेकरू जाईल.

तू सांग काय करू. एकदा तरी नुसतं ‘बघतो’ म्हणू नकोस.

ताई


बुधवार, ३ एप्रिल

टिल्ल्या,

या वेळी दोन पानं लिहिलीस. वाचून वाटलं, चिठोरं बरं होतं.

‘माझं आयुष्य ब्रेक लावून अडवलं तसं त्यांचंही’, असं लिहितोस. ‘तिचा कुणावरच विश्वास नव्हता, नवऱ्यावरही नाही. बाबांना सगळं खरं सांग, त्यांना कळू दे.’ दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग वाटलं, सांगायलाच हवं, या एका गोष्टीत तुझं बरोबर आहे. काल सांगायचं ठरवलं.

घरात सांगवेना. घरात तिची खुर्ची आहे. म्हणून म्हटलं, बाबा, चला, आज जाऊ. मी शेजारी बसते. पण तळ्यावर नाही, आपल्या शाळेच्या मैदानात. तिथे चिटपाखरू नसतं, दगड मांडलेले, चुन्याच्या रेघा. त्यांनी चपला घातल्या.

मैदानापर्यंत मी नेली. तिथे जागा बदलली. मी आईच्या उशीला टेकून बसले. पायाशी तिचा ब्रेक. मिस्त्रीला मी रबर बदलू दिलेलं नाही.

बाबांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. इतकं हलकं सोडतात रे. आईनेच शिकवलेलं. समोर थांबायची पांढरी रेघ येत होती. मी वाट बघितली. त्यांचा पाय ब्रेककडे गेला, वर टेकला, पण दाबला नाही. रेघ जवळ आली. आणखी जवळ. मग मीच दाबला. गाडी थांबली.

बाबा म्हणाले, “तुझा पाय जड आहे. तिचा इतका जड नव्हता.”

अरे, मी रोज हेच शिकवते. दोन्ही पेडलं एकाच सळईला जोडलेली असतात, एक दाबलं की दुसरं खाली जातं, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगते. तुला चौकात आईने ब्रेक दाबल्याचं कसं कळलं? पायाखालून पेडल गेलं म्हणूनच ना? मग बाबांना इतकी वर्षं कळलं नसेल? हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्यांना जपायच्या नादात मी त्यांना खुळं ठरवून बसले होते.

मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“न कळायला काय झालं? पाय माझाच आहे.”

“मग बोलला नाहीत ते?”

“ती बोलली नाही, मी बोललो नाही. एकदा बोलायला गेलो असतो तर तिला वाटलं असतं, आता थांबवावं. मग तळं बंद. ती बाकावर बसून पाय हलवायची माहितीये, लहान मुलीसारखी?” मग म्हणाले, “मला पुसट दिसायचं. पण ती आहे म्हटल्यावर मी भीत नव्हतो. पाय नुसता वर ठेवायचा. आपोआप खाली जायचा. तिने हात धरल्यासारखं वाटायचं ते.”

“आणि त्या दिवशी, फुलवाल्यापाशी?”

ते रडले रे. एवढे दिवस खुर्च्या देत होते, कवळ्या विचारत होते, ते आत्ता रडले. स्टिअरिंगवर कपाळ टेकून. म्हणाले, “वळण आलं. मी पाय ठेवला आणि वाट बघितली. आता जाईल खाली, आता जाईल. शब्दकोड्याच्या वेळी बघितली तशीच. ती गेलीय हे तेव्हा कळलं मला. भिंत आली तेव्हा.”

मी त्यांना धरून बसले. इंजिन चालू होतं, मीच हात लांब करून बंद केलं.

मग स्वतःच बोलायला लागले. म्हणाले, त्या बाईकडे मला ने, बाकावरच्या. माफी मागायची आहे. फुलवाल्याकडून पत्ता काढते मी. आणि किल्ली काढून हातात धरली. मी हात पुढे केला तर मूठ मिटली. “टिल्ल्याला देणार म्हणालो ना.”

“पण त्यालाच का?”

“त्याचं माझ्याकडे काहीतरी राहिलंय,” म्हणाले. “कुत्रं नव्हतं.”

आता मी लिहिते ते शांतपणे वाच. बाबा त्या दिवशी मागे झोपले नव्हते. डोळे मिटून बसले होते, तुम्हा पोरांना मोकळं बोलता यावं म्हणून. तू चौकाच्या अलीकडे आईला म्हणालास, हसत हसत, आठवतंय का? “आम्ही दोघं हे गावच सोडायचं म्हणतोय. नोकरी बघितलीय लांब.” आणि चौकात तिचा पाय गेला. रस्ता मोकळाच होता. कुत्रं नाही, मांजर नाही. तू जाणार हे ऐकलं आणि तिचा पाय दाबला गेला. बाबा म्हणतात, थांबवायची इतकी सवय, दुसरं काही सुचलंच नसेल तिला. तुला थांब म्हणायला तोंड उघडवेना. मग सगळ्यांनी विचारल्यावर लाज वाटली आणि कुत्रं म्हणाली. एकदा कुत्रं म्हटल्यावर तेच धरून बसली. हट्टी ती. तूही तिचाच.

मी विचारलं, “बाबा, मग तुम्ही इतकी वर्षं डुलकी डुलकी का म्हणत राहिलात?”

म्हणाले, “तिला खोटं कसं पाडू?”

टिल्ल्या, मला बाबांचाही राग आला, तोही लिहून टाकते. दोघांनी एकमेकांना जपता जपता आपलं काय करून ठेवलं! तू इतकी वर्षं समजत राहिलास की तिचा तुझ्यावर विश्वास नव्हता. अरे, तिला तू हवा होतास. तेवढंच होतं ते.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत नाही. रडशील, की हे पत्र फेकशील आणि मग पुन्हा उचलशील. लहानपणी तसंच करायचास.

घरी मी माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने चालवत आणली. बाबा आईच्या जागेवर बसले होते, उशीसकट. पाय मात्र पेडलपासून दूर, दाराकडे दुमडून. बागेच्या वळणावर मी हळू केली तर म्हणाले, “आरशात बघ आधी.” हुबेहूब तिच्यासारखं.

दारात उतरताना म्हणाले, “त्याला लिही. ये म्हणावं. गाडी तो चालवेल. तळ्यावर जाऊ. त्या चौकातूनच जाऊ. मी शेजारी बसेन, पण ब्रेकला पाय लावणार नाही.”

मी म्हटलं, “आणि कुत्रं आडवं आलं तर?”

किल्ली खिशात टाकत म्हणाले, “आलं तर त्याला दिसेल. त्याचे डोळे चांगले आहेत.”

ताई